हिरवळीतील चिवट तण आणि नागपूरचा उन्हाळा

नागपुरात घरापुढच्या हिरवळीतील तणांकडे बहुतेकांचे लक्ष जाते तो जुलै महिना असतो. मृगाच्या सरी येऊन गेल्या की महिनाभरात लॉनमध्ये उंच, गडद पात्यांचे ठिपके दिसू लागतात, माळ्याला बोलावून निंदण करून घेतले जाते, आणि पंधरा दिवसांत तेच तण त्याच जागी पुन्हा उभे राहते. यात माळ्याचा दोष फारसा नसतो. आपल्या काळ्या चिकण मातीत भर पावसात तण उपटले, तर ओली माती मुळांना घट्ट धरून ठेवते, वरचा भाग तुटून हातात येतो आणि जमिनीतला भाग शाबूत राहतो. चिवट तणांचा बंदोबस्त करण्याचा आपल्याकडचा खरा काळ एप्रिल आणि मे हा आहे. पावसाळ्यात मिळवलेले राखायचे असते. पुढील सगळ्या सूचना या हिशेबाने दिलेल्या आहेत.

आधी मूळ पाहावे

कोणत्याही तणाला हात घालण्यापूर्वी त्याचे एक रोप, खुरप्याने वीतभर खोल माती सैल करून, मुळासकट काढावे आणि बादलीतल्या पाण्यात धुऊन पाहावे. हे तण पुढच्या हंगामात कशाच्या बळावर परत येणार आहे, ते मुळाकडे पाहून कळते. एक सरळ सोटमूळ किंवा तंतुमुळांचा साधा झुपका असेल, तर ते तण बियांवर जगते आणि त्याला फुलू न देणे हाच त्याच्यावरचा मुख्य उपाय होय. जमिनीलगत धावणारी खोडे आणि पेऱ्यापेऱ्याला फुटलेली मुळे दिसली, तर ते तुकड्यांवर जगते. मागे राहिलेला प्रत्येक तुकडा म्हणजे नवे रोप समजावे. मुळाशी काळसर गाठी लोंबत असतील, तर मात्र नुसत्या उपटण्याने काहीही साधणार नाही. या तिन्ही प्रकारांना एकच मजूर, एकच दिवस आणि एकच औषध लावले जाते, आणि हिरवळीबाबतची बरीचशी निराशा तेथूनच सुरू होते.

लव्हाळा

घरगुती हिरवळीतील सर्वांत चिवट तण म्हणजे लव्हाळा, ज्याला मोथा किंवा नागरमोथा असेही म्हटले जाते. तो गवतासारखा दिसत असला तरी गवताच्या कुळातला नाही. त्याचा फुलोऱ्याचा दांडा दोन बोटांत फिरवून पाहिला असता तीन कडा स्पष्ट जाणवतात. मेक्सिकन लॉनच्या बारीक पात्यांमध्ये त्याची रुंद, चकचकीत पाती कापणीनंतर दोन-तीन दिवसांतच वर डोकावू लागतात, त्यामुळे ओळखण्यात सहसा चूक होत नाही. दिवाळीच्या उटण्यात जो नागरमोथा घातला जातो त्या याच कुळातल्या गाठी आहेत, पण लॉनमध्ये त्या सापडल्यावर त्यांचा सुवास कोणी घेत बसत नाही.

या गाठी जमिनीखाली बारीक तारेसारख्या खोडांनी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि त्यांच्या माळा तयार होतात. माळेच्या एका टोकाची गाठ वाढत असते तोवर तिच्या मागच्या गाठी बहुधा सुप्त राहतात. आपण वरून हिसका देऊन रोप ओढले की माळ तुटते, सुप्त गाठींवरचा दाब नाहीसा होतो आणि त्या स्वतंत्रपणे कोंब काढतात. निंदण झाल्यावर लव्हाळा दाट झाल्याचे दिसते ते यामुळेच. कोंब जमिनीवर आल्यापासून साधारण तीन-चार आठवड्यांत तो नव्या गाठी धरू लागतो. म्हणजे महिन्यातून एकदा निंदण करणारा माणूस एका अर्थाने त्याच्या गाठी मोजक्या अंतराने वाढवतच असतो. बहुतेक गाठी वरच्या १५ सेंटिमीटर मातीत असतात, काही ३० सेंटिमीटरपर्यंतही सापडतात.

एवढ्या चिवट वनस्पतीच्या दोन दुबळ्या बाजू आहेत. तिला सावली सोसत नाही, आणि तिची गाठ एकदा पूर्ण वाळली की पुन्हा फुटत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असलेल्या आणि हवा कोरडी असलेल्या नागपुरात ही दुसरी बाजू फार मोलाची आहे. कोकणातल्या किंवा पुण्यातल्या बागवानाला ही सोय आपल्याइतकी मिळत नाही.

लॉनचा निम्म्याहून अधिक भाग लव्हाळ्याने व्यापला असेल, तर ठिगळे लावत बसण्यापेक्षा ते लॉन मोडून नव्याने लावणे स्वस्त पडते. त्यासाठी एप्रिलच्या सुरुवातीला एकदा भरपूर पाणी देऊन वाफसा येऊ द्यावा, म्हणजे माती हाताला चिकटणार नाही आणि कुदळही उसळणार नाही. मग २५ ते ३० सेंटिमीटर खोल खोदून काढावे, दिसतील तेवढ्या गाठी वेचाव्यात आणि माती उघडी पडू द्यावी. येथे एक गोष्ट आवर्जून पाहावी: ढेकळे फोडलीच पाहिजेत. काळ्या मातीचे मोठे ढेकूळ बाहेरून कोरडे ठणठणीत झाले तरी आत ओल धरून ठेवते, आणि त्याच्या पोटातली गाठ सुखरूप राहते. दर आठ-दहा दिवसांनी माती उलटीसुलटी करावी, आणि या काळात तिला पाण्याचा थेंबही लागू देऊ नये. शेजारच्या कुंड्यांचे किंवा कूलरचे वाहून येणारे पाणीसुद्धा वळवावे. मे महिन्याच्या शेवटी सुरू होणारा नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तप्त मानले जाणारे नऊ दिवस, जूनच्या सुरुवातीला संपेपर्यंत हे चालू ठेवावे. त्यानंतर एकदा हलके पाणी देऊन दहा-बारा दिवस थांबावे. ज्या गाठी वाचल्या असतील त्या कोंब काढून स्वतःच आपली जागा दाखवतात, तेव्हा त्या एकेक करून गाठीसकट खणून घ्याव्यात. नवे लॉन लावण्याची घाई न करता जून अखेर किंवा जुलैचा पहिला पंधरवडा धरावा.

प्लास्टिक अंथरून माती तापवण्याचा उपाय अनेक ठिकाणी सुचवला जातो आणि तो चांगलाच आहे, परंतु तो लव्हाळ्यासाठी नाही. त्यात माती ओली करून तिच्यावर २५ ते ५० मायक्रॉन जाडीचे पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवतात, कडा मातीत गाडतात आणि चार ते सहा आठवडे तसेच ठेवतात. आतली वरची माती इतकी तापते की तणांचे बरेचसे बी मरते. लव्हाळ्याच्या खोलवरच्या गाठी मात्र त्या ओलाव्यात तग धरतात, आणि त्याचे टोकदार कोंब पातळ प्लास्टिक भेदून वरही येतात. गाठी मारायच्या तर माती वाळवावी, बी मारायचे तर ओली करून झाकावी. एकाच वाफ्यात एकाच वेळी दोन्ही साधत नाही.

उभ्या लॉनमध्ये लव्हाळ्याचे दोन-चार ठिपकेच असतील, तर लॉन मोडण्याचे कारण नाही. ठिपक्याच्या कडेपासून वीतभर बाहेर रेघ मारून तेवढा चौकोन फावड्याने १५ ते २० सेंटिमीटर खोल उचलून काढावा, माती चाळून गाठी बाजूला कराव्यात किंवा माती संशयास्पद वाटल्यास ती पूर्ण बदलावी, आणि त्याच लॉनच्या स्वच्छ भागातील तुकडा तेथे बसवावा. हे जमत नसेल तर दर बारा-पंधरा दिवसांनी, न चुकता, प्रत्येक कोंब खुरप्याच्या टोकाने जितका खोल निघेल तितका काढत राहावा. नवी गाठ धरण्याआधी कोंब गेला की जुन्या गाठीतला साठा थोडा थोडा खर्च होतो. या मार्गाने दोन पावसाळे तरी लागतात, आणि मध्येच एक महिना दुर्लक्ष झाले तर बरीचशी मेहनत फुकट जाते, हे आधीच समजून घ्यावे.

हरळी, केना आणि इतर मंडळी

हरळी हे मोठे विचित्र प्रकरण आहे, कारण बर्म्युडा किंवा सिलेक्शन जातीच्या लॉनमध्ये तीच आपली हिरवळ असते आणि मेक्सिकन लॉनमध्ये तीच तण ठरते. दोन्ही गवतेच असल्यामुळे घरगुती वापरात एकाला मारून दुसऱ्याला सोडील असे भरवशाचे औषध नाही. मेक्सिकनमध्ये हरळी शिरली असेल तर तेवढा तुकडा कापून बदलावा. आणि ती निम्म्यावर पसरली असेल तर शहाणपणाने हरळीचेच लॉन मान्य करून ते नीट कापत राहावे, असे माझे मत आहे. नागपूरच्या उन्हात ती मेक्सिकनपेक्षा कमी पाण्यात टिकते, हेही लक्षात घ्यावे.

केना जुलैच्या ओलीत झपाट्याने पसरतो. निळी फुले दिसतात ती जमिनीवरची. याशिवाय तो जमिनीखालीही न उमलणारी फुले धरतो आणि तेथेच बी तयार करतो, त्यामुळे वरून छाटून त्याचे काहीच बिघडत नाही. उलट कापणी यंत्राने त्याचे तुकडे लॉनभर पसरतात आणि प्रत्येक पेरे मूळ धरते. केना असलेला भाग यंत्राने कापण्याआधी हाताने काढावा. घोळही असाच, उपटून तेथेच टाकलेला घोळ आपल्या मांसल खोडातल्या पाण्यावर पुन्हा रुजतो, म्हणून तो टोपलीतच टाकावा.

आंबुशीचे पिवळे फूल दिसताच तिला काढावे, कारण तिच्या शेंगा पिकल्यावर फुटून बी दूरवर उडवतात. जमिनीवर चटईसारखी पसरणारी लहान दुधी बहुधा दडपलेल्या, पायाखालच्या जागी येते; तिचा चीक डोळ्यांना लागू देऊ नये. भुईआवळी, एकदांडी आणि तरोटा ही तणे वाफशावर सहज निघतात आणि त्यांचा विशेष बाऊ करण्याचे कारण नाही. तरोटा कोवळा असताना काढला तर त्याची भाजीही होते, मात्र लॉनवर कधीही औषध फवारले असेल तर तो मोह टाळावा.

गाजर गवत मात्र हातमोजे घातल्याशिवाय उपटू नये. त्याच्या स्पर्शाने अनेकांना त्वचेचा त्रास होतो आणि परागकणांमुळे श्वासाचाही. एक झाड हजारो बिया देते, तेव्हा पांढरी फुले येण्यापूर्वीच ते काढले पाहिजे. पावसाळ्यात त्याची पाने खाणारे मेक्सिकन भुंगे दिसतात. ते याच कामासाठी १९८० च्या दशकात भारतात आणले गेले होते, म्हणून त्यांना कीड समजून मारू नये.

निंदण करण्याची योग्य वेळ

पाऊस थांबून दोन-तीन दिवस उघडीप मिळाली आणि जमिनीला वाफसा आला की निंदण करावे. चिखलात निंदण केल्याने दुहेरी नुकसान होते: तण तुटते, आणि गुडघ्यांखाली दाबली गेलेली काळी माती वाळल्यावर इतकी घट्ट होते की तेथे लॉनचे गवत विरळ होऊन पुन्हा तणालाच जागा मिळते. पहिले निंदण जूनअखेरच्या पावसानंतर, दुसरे जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, तिसरे पोळ्याच्या आधी आणि चौथे नवरात्राच्या सुमारास, असा क्रम ठेवला तर बियांवर जगणाऱ्या तणांचे बी पडण्याआधीच काम आटोपते. काढलेले तण खताच्या खड्ड्यात टाकण्यापूर्वी दोन भाग करावेत. पाने, तसेच फुलोरा न आलेली रोपे खड्ड्यात चालतात. लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीची खोडे मात्र गच्चीवर पसरून कुरकुरीत होईपर्यंत वाळवावीत, मगच टाकावीत.

कापणी, पाणी आणि खत

तणाला उगवण्यासाठी उजेड लागतो, आणि तो त्याला बहुतेक वेळा आपणच देतो. लॉन जमिनीपर्यंत तासून घेण्याची पद्धत आपल्याकडे फार रुजली आहे, कारण त्यामुळे माळ्याची फेरी वाचते. उन्हाळ्यात गवताची उंची चार-पाच सेंटिमीटर आणि पावसाळ्यात तीन-चार सेंटिमीटर ठेवावी, आणि एका कापणीत उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक पाते कापू नये. दाट, किंचित उंच गवताखाली सावली पडते. ती लव्हाळ्याला मारत नसली तरी त्याची वाढ निश्चितच मंदावते आणि बारीक बियांच्या तणांना तर उगवूच देत नाही.

रोज संध्याकाळी पाच मिनिटे पाइपने पाणी शिंपडण्याची सवय सोडावी. वरचा बोटभर थर सतत ओला राहिला की आंबुशी आणि लव्हाळा खूश असतात आणि लॉनची मुळे उथळ राहतात. पहाटे, वीतभर खोल ओल जाईल असे पाणी द्यावे. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी आणि हिवाळ्यात आठवड्यातून एकदा ते पुरेसे होते. काळ्या मातीला रुंद भेगा पडू लागल्या तर पाळी लांबली असे समजावे. खताबाबत एवढेच की १०० चौरस मीटरला सुमारे एक किलो युरिया, जुलैमध्ये एकदा आणि सप्टेंबरमध्ये एकदा, कोरड्या पात्यांवर पसरून लगेच पाणी दिल्यास गवत दाटते. वहिवाटीची जागा वर्षातून एकदा सब्बलीने किंवा काट्याने जवळजवळ भोके पाडून सैल करावी आणि भोकांत वाळू व कुजलेले शेणखत भरावे. आंब्याच्या किंवा कडुनिंबाच्या दाट सावलीत लॉन टिकवण्याचा हट्ट सोडून तेथे फरशी किंवा सावलीतली झाडे लावावीत, म्हणजे तेथील तणांचा प्रश्नही मिटतो.

तणनाशकाचा विचार

रासायनिक औषध हा शेवटचा उपाय आहे असे म्हणताना मला केवळ सुरक्षिततेची काळजी नाही, तर मोजमापाची अडचण दाखवायची आहे. लव्हाळ्यावर परिणामकारक ठरणारे हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के हे औषध उसासारख्या पिकांसाठी विकले जाते, आणि त्याची मात्रा एकरी ३६ ग्रॅम असते. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. आपले लॉन हजार चौरस फुटांचे असेल, तर हिशेबाने एक ग्रॅमही लागत नाही, जेमतेम ०.८ ग्रॅम लागते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर हे मोजता येत नाही, मग अंदाजाने अर्धा चमचा टाकला जातो आणि मात्रा प्रमाणाबाहेर वाढून लॉन पिवळे पडते. हे औषध वापरायचेच असेल तर सोनाराच्या काट्यासारख्या अचूक काट्यावर मोजावे, लेबलवरील सर्व सूचना पाळाव्यात, लव्हाळा तीन ते पाच पानांवर असताना फवारावे, आधी आणि नंतर दोन दिवस कापणी करू नये आणि परिणामासाठी दोन-तीन आठवडे वाट पाहावी. आठव्या दिवशी काही झाले नाही म्हणून दुसरी फवारणी करू नये.

रुंद पानांच्या तणांवर २,४-डी चालते. हरळी आणि मेक्सिकन ते सहसा सोसतात, सावलीत लावले जाणारे रुंद पात्यांचे सेंट ऑगस्टीन गवत मात्र सोसत नाही. या औषधाबाबत विदर्भात विशेष सावध राहावे लागते, कारण कापूस त्याला अतिशय संवेदनशील आहे. वाऱ्यावर उडालेल्या अल्पशा अंशानेही कपाशीची पाने आकसून पंजासारखी होतात. बेसा, हिंगणा, कामठी अशा शहराच्या कडेच्या वस्त्यांत कुंपणापलीकडे पऱ्हाटी उभी असते, तेथे ते वापरूच नये. घरातली मिरची, टोमॅटो, गुलाब यांनाही ते बाधते. तापमान ३० अंशांच्या वर असताना त्याची वाफ होण्याची शक्यता वाढते, म्हणून नागपूरच्या उन्हाळ्यात तर त्याचे नावही काढू नये. ज्या पंपाने ते फवारले तो पंप नंतर कितीही धुतला तरी झाडांच्या फवारणीला घेऊ नये.

ग्लायफोसेट गवतासकट सगळेच मारते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढलेल्या अधिसूचनेत त्याचा वापर फक्त परवानाधारक कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला होता, त्यामुळे घरमालकाने किंवा माळ्याने ते परस्पर फवारणे योग्य नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे बळी गेले, हे आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. तणनाशके वेगळी असली तरी हातमोजे, मुखपट्टी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि वाऱ्याचा अंदाज या गोष्टी माळ्याच्या मर्जीवर न सोडता घरमालकाने पुरवल्या पाहिजेत. फवारलेल्या लॉनवर मुले आणि कुत्री औषध पूर्ण सुकेपर्यंत तरी जाऊ देऊ नयेत.

मीठ, व्हिनेगर किंवा उकळते पाणी हे उपाय फरशीच्या फटींपुरते ठीक आहेत. मीठ लॉनवर कदापि टाकू नये, कारण सोडियम साठल्याने आधीच निचरा कमी असलेली काळी माती आणखी बिघडते आणि मग तेथे तणही येत नाही व गवतही.

तण पुन्हा कोठून येते

साफ केलेल्या लॉनमध्ये तण परत येण्याचे मार्ग थोडे आहेत आणि बहुतेक आपण स्वतः उघडलेले असतात. अर्धवट कुजलेले शेणखत हा पहिला, कारण जनावराच्या पोटातून न पचता आलेले बी त्यात जिवंत असते. खत हातात घेतल्यावर भुसभुशीत असावे, काडी ओळखू येऊ नये आणि शेणाचा वास नसावा. ट्रकने येणारी भराव माती किंवा तलावातला गाळ हा दुसरा. ती घेण्यापूर्वी बादलीभर माती आणून पाणी घालून पंधरा दिवस ठेवावी आणि काय उगवते ते पाहावे. नर्सरीतून लॉनचे तुकडे घेताना एखाद्या तुकड्याची माती खालून कुस्करून पाहावी; काळी गाठ सापडली तर ती सगळी खेप परत करावी, मग ती कितीही हिरवी दिसो. कापणी यंत्र भाड्याने आणणारा माळी चार घरांची माती पात्यांना घेऊन येतो, म्हणून यंत्र फाटकाबाहेर धुवून मगच आत घ्यावे.

लॉनच्या कडेने शहाबादी फरशी उभी १५ ते २० सेंटिमीटर खोल गाडली तर हरळी आणि लव्हाळा बाहेरून सहज आत सरकत नाहीत. शेजारचा प्लॉट रिकामा असेल, तर त्यावरील गाजर गवत ऑगस्टमध्ये फुलण्याआधी वस्तीतल्या दोन-तीन घरांनी मिळून कापून घ्यावे. मालक परगावी असतो आणि महापालिकेकडे तक्रार करून माणसे येईपर्यंत बी पडून गेलेले असते, त्यामुळे दोन मजुरांची एका दिवसाची मजुरी वाटून घेणे त्यापेक्षा सोपे जाते.